लक्ष्मीपूजन ३१ ला की १ ला? पंचांग नेमकं काय मोजतं ते एकदा नीट बघूया

२०२४ च्या दिवाळीत आमच्या फॅमिली ग्रुपवर तीन दिवस एकच विषय चालू होता. ताई न्यू जर्सीत असते, तिने लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी केलं, फोटो टाकले, ते आम्हाला १ तारखेच्या सकाळी चहा पिताना दिसले. दिल्लीच्या चुलतभावाकडे पण ३१ लाच, त्याला सुट्टीही त्याच दिवशीची. आणि आम्ही डोंबिवलीत, आमचं लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला, कॅलेंडरवर तसंच छापलेलं आणि महाराष्ट्रात सुट्टीही १ ची. आईने फोटो बघितले आणि सरळ विचारलं, "मग खरं कोणाचं? लक्ष्मी एकदाच येते ना?"

तिला तेव्हा जे सांगितलं ते जरा नीट, सविस्तर लिहून काढतोय, कारण हा प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी येतो (२०२५ ला परत आलाच, २० की २१ ऑक्टोबर), आणि दर वेळी लोक एकतर पंचांगवाल्यांना शिव्या घालतात नाहीतर एकमेकांना. पण तिघांचंही लक्ष्मीपूजन आपापल्या जागी बरोबर होतं, आणि ते का हे कळलं की अख्खं पंचांग कळतं असं मला मनापासून वाटतं.

आधी तिथी म्हणजे काय ते बघू, कारण सगळा घोळ इथूनच सुरू होतो. आपल्याला तारीख माहिती असते, ती रात्री बारा वाजता बदलते, कोणाला विचारत नाही, आकाशात काय चाललंय त्याच्याशी तिला देणंघेणं नाही. तिथीचं तसं नाही. तिथी हा दिवस नाहीच मुळात, तिथी हे अंतर आहे, सूर्य आणि चंद्र यांच्यामधलं आकाशातलं अंतर.

असं समजा की देवळात आजोबा आणि नातू प्रदक्षिणा घालतायत. आजोबा म्हणजे सूर्य, सावकाश चालतात, त्यांची एक प्रदक्षिणा व्हायला वर्ष लागतं, म्हणजे दिवसाला साधारण १ अंश. नातू म्हणजे चंद्र, तो पळत सुटलाय, दिवसाला साधारण १३ अंश. (खरं तर फिरते पृथ्वी, पण आपल्याला अंगणातून जसं दिसतं तसंच इथे धरायचं.) नातू मागून येऊन आजोबांना गाठतो तो क्षण म्हणजे अमावास्या संपली. तिथून तो १२ अंश पुढे गेला की प्रतिपदा संपली, २४ अंश पुढे गेला की द्वितीया संपली, बरोबर समोरच्या बाजूला म्हणजे १८० अंशावर पोचला की पौर्णिमा संपली, मग कृष्ण पक्ष, आणि ३६० पूर्ण झाले की परत अमावास्या. ३० तिथी गुणिले १२ अंश. बस, एवढंच.

हात लांब करून मूठ धरली तर ती आकाशात साधारण १० अंश झाकते. म्हणजे रोज चंद्र सूर्यापासून एका मुठीपेक्षा थोडा जास्त सरकतो, हे डोळ्यांनी बघता येतं. सूर्य मावळताना चंद्र डोक्यावर आणि बरोबर अर्धा दिसला की समजा शुद्ध अष्टमी आहे, कॅलेंडर उघडायची गरज नाही. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा फार भारी वाटलं होतं, की शाळेत पाठ केलेली प्रतिपदा-द्वितीया खरंच वर लिहिलेली असते.

आता पुढचा मुद्दा. नातू एका वेगाने पळत नाही. चंद्राची वाट अगदी गोल नाही, लांबट आहे, पृथ्वीजवळ आला की तो जोरात जातो आणि लांब गेला की रेंगाळतो. त्यामुळे १२ अंशाचं अंतर कापायला कधी २० तास लागतात, कधी साडेसव्वीसच्या वर. सरासरी काढली तर २३ तास ३७ मिनिटं येते, कारण एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत साडेएकोणतीस दिवस आणि थोडं जास्त लागतं आणि त्यात ३० तिथी बसवायच्या असतात. म्हणजे तिथी दुपारी पावणेचारला पण सुरू होऊ शकते आणि पहाटे पाचला पण संपू शकते, ती आपल्या झोपायच्या वेळा बघत नाही.

मग रोजच्या दिवसाला नाव काय द्यायचं? तर नियम सोपा केलाय, सूर्य उगवताना जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची तिथी. पंचांगात वारही सूर्योदयालाच बदलतो, रात्री बाराला नाही. आता तिथी लांबली आणि लागोपाठ दोन सूर्योदय तिच्यात आले तर दोन्ही दिवस एकाच नावाचे, ती वृद्धी तिथी. आणि एखादी तिथी सूर्योदयानंतर सुरू होऊन पुढच्या सूर्योदयाच्या आधीच संपली तर तिच्या वाट्याला एकही सूर्योदय येत नाही, तो क्षय. "या वेळी पंचमीचा क्षय आहे" असं आजी म्हणायची तेव्हा मला वाटायचं काहीतरी अशुभ आहे, तर तसं काही नाही, पंचमी झालेली असते, व्यवस्थित सगळे १२ अंश झालेले असतात, फक्त दोन सूर्योदयांच्या मधल्या फटीत बसली.

जुने लोक हे सगळं घटी-पळात मोजायचे. दिवसाच्या ६० घटिका, एक घटिका २४ मिनिटांची, एका घटिकेची ६० पळं, म्हणजे एक पळ २४ सेकंदांचं. तळाला बारीक भोक पाडलेली वाटी पाण्यात सोडायची, ती भरून बुडाली की एक घटिका झाली, लग्नात मुहूर्तासाठी हे घटिकापात्र मांडायचे, "घटिका भरली" हा शब्द तिथलाच. त्या काळचा एक ठोकताळा आहे, बाणवृद्धी रसक्षय. बाण म्हणजे ५, रस म्हणजे ६. तिथी ६० घटींपेक्षा जास्तीत जास्त ५ घटी वाढणार आणि जास्तीत जास्त ६ घटी कमी होणार. नंतर जेव्हा दुर्बिणीच्या काळातली गणितं आली तेव्हा दिसलं की नाही, ७ पर्यंत वाढते आणि १० पर्यंत कमी होते, आणि यावरून आपल्याकडे जोरदार वाद झाले. तो वाद पुढे येईलच.

आता २०२४ च्या अमावास्येकडे या. ती सुरू झाली ३१ ऑक्टोबरला दुपारी ३ वाजून ५२ मिनिटांनी आणि संपली १ नोव्हेंबरला संध्याकाळी ६ वाजून १६ मिनिटांनी. मोजा, २६ तास २४ मिनिटं. म्हणजे बरोबर ६६ घटी, बाणवृद्धीच्या मापाबाहेर एक घटी. इतकी लांबली कारण चंद्र दोन-तीन दिवस आधीच पृथ्वीपासून सगळ्यात लांबच्या टोकाला जाऊन आला होता, अगदी संथ चालला होता. आणि इतकी लांबल्यामुळेच तिच्यात दोन संध्याकाळी आल्या. तिथी सरासरीएवढी असती, चोवीस तासांच्या आतली, तर एका जागी दोन सूर्यास्त तिच्यात बसलेच नसते आणि आमच्या ग्रुपवर भांडणही झालं नसतं. सगळ्याचं मूळ चंद्राच्या त्या रेंगाळण्यात आहे.

संध्याकाळच का महत्त्वाची? तर सूर्योदयाची तिथी ही रोजच्या नावासाठी झाली, सणांचं तसं नाही. प्रत्येक सणाची दिवसातली एक ठराविक वेळ आहे, त्याला कर्मकाळ म्हणतात, आणि त्या वेळेला ती तिथी हजर पाहिजे. गुढीपाडव्याला सूर्योदय. गणेश चतुर्थीला मध्यान्ह, रामनवमीलाही मध्यान्ह, कारण रामाचा जन्म दुपारचा. दसऱ्याला आणि भाऊबीजेला अपराह्ण म्हणजे दुपारनंतरचा भाग. लक्ष्मीपूजनाला प्रदोष, सूर्यास्तानंतरचा काळ. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ. महाशिवरात्र आणि गोकुळाष्टमीला मध्यरात्र. म्हणूनच कधीकधी कॅलेंडरच्या चौकटीत मोठ्या अक्षरात तृतीया असते आणि त्याच दिवशी संकष्टी चतुर्थी लिहिलेली असते, लोकांना वाटतं छापायची चूक आहे, पण सकाळी तृतीया होती आणि रात्री चंद्र उगवताना चतुर्थी लागलेली होती.

एकादशीचं तर अजून बारीक आहे. सूर्योदयाआधीच्या ४ घटिका म्हणजे ९६ मिनिटं, हा अरुणोदय. त्यात दशमीचा जरा जरी अंश असेल तर भागवत संप्रदायाचे लोक, आपले वारकरी आले त्यात, ती एकादशी धरत नाहीत, दुसऱ्या दिवशी करतात. बाकीचे, म्हणजे स्मार्त, पहिल्याच दिवशी करतात. म्हणून कॅलेंडरवर कधीकधी स्मार्त एकादशी आणि भागवत एकादशी अशा दोन दिसतात. आमच्या घरात माळकरी आजोबा आणि स्मार्त आजी, लागोपाठ दोन दिवस साबुदाण्याची खिचडी व्हायची आणि आम्हा पोरांना ती व्यवस्था अतिशय मान्य होती.

हे सगळे नियम, दोन्ही दिवशी तिथी असेल तर काय, एकाही दिवशी नसेल तर काय, थोडीशीच असेल तर काय, हे निर्णयसिंधू आणि धर्मसिंधू या ग्रंथांत आहेत. निर्णयसिंधू १६१२ चा, काशीच्या कमलाकर भट्टांचा, ज्यांचं घराणं मूळचं पैठणचं. धर्मसिंधू १७९० च्या सुमाराचा, पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा. म्हणजे आपण आज ज्या नियमांवरून व्हॉट्सअ‍ॅपवर भांडतो ते पंढरपुरात बसून कोणीतरी सव्वादोनशे वर्षांपूर्वी एकेक केस घेऊन सोडवून ठेवलेत.

तर आता निकाल. मुंबईकडे १ नोव्हेंबरला सूर्य मावळला ६ वाजून ५ मिनिटांच्या आसपास, अमावास्या ६.१६ पर्यंत, म्हणजे प्रदोषात अकरा मिनिटं का होईना अमावास्या होती. ३१ च्या संध्याकाळी पण होती. दोन्ही दिवशी प्रदोषात असेल तर दुसरा दिवस घ्यायचा, असं वचन धरून आपल्याकडच्या पंचांगांनी १ तारीख दिली. उत्तरेत बऱ्याच जाणकारांचं, काशीच्या विद्वानांचं सुद्धा, म्हणणं असं की नुसता स्पर्श पुरत नाही, अख्खा प्रदोष आणि पुढची रात्र अमावास्येची पाहिजे, ती ३१ लाच मिळते. दोघांनी एकच गणित बघितलं, वेळेत एका मिनिटाचा वाद नाही, फरक फक्त वचन लावण्यात. आणि ताईचं? तिथी संपायचा क्षण सगळ्या जगात एकच असतो, पण घड्याळं वेगळी. तिच्याकडे अमावास्या ३१ ला सकाळी ६.२२ ला लागली आणि १ ला सकाळी ८.४६ ला संपली, म्हणजे १ च्या संध्याकाळी तिच्याकडे अमावास्या नव्हतीच. तिला ३१ शिवाय पर्यायच नव्हता. तिने जर आपलं इथलं कॅलेंडर बघून १ च्या संध्याकाळी पूजा केली असती तर ती प्रतिपदेला झाली असती. म्हणून परदेशात राहणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, इथल्या कॅलेंडरच्या पानाचा स्क्रीनशॉट मागवू नका, तुमच्या गावाचं पंचांग बघा, आता ॲपमध्ये शहर बदललं की मिळतं.

पंचांग म्हणजे पाच अंगं, त्यातल्या तिथी आणि वार या दोन झाल्या, बाकीची तीन त्याच १ नोव्हेंबरच्या ओळीत वाचून टाकू. ओळ अशी दिसते, आश्विन वद्य अमावास्या ६.१६ पर्यंत, शुक्रवार, स्वाती नक्षत्र उत्तररात्री साडेतीनच्या सुमारापर्यंत, प्रीती योग सकाळी १०.४१ पर्यंत मग आयुष्मान, नाग करण ६.१६ पर्यंत. नक्षत्र म्हणजे चंद्र आकाशाच्या कुठल्या घरात आहे, अशी २७ घरं, प्रत्येक १३ अंश २० कलांचं, चंद्र रोज साधारण एक घर ओलांडतो. योग म्हणजे सूर्य आणि चंद्र दोघांच्या जागांची बेरीज, तिचे पण २७ भाग. करण म्हणजे अर्धी तिथी, म्हणून नाग करण आणि अमावास्या एकाच मिनिटाला संपले बघा. राखीपौर्णिमेला जी "भद्रा आहे, थांबा" म्हणतात ती भद्रा म्हणजे विष्टी नावाचं करण, एवढंच. यातलं शुभ काय अशुभ काय हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे, मी त्यात पडत नाही, पण पाचही अंगं मोजता येतात, तपासता येतात, आणि ते फळापासून वेगळं आहे हे लोकांना कळावं असं फार वाटतं, कारण हल्ली राशिभविष्याच्या कॉलमलाच लोक पंचांग समजतात.

महिन्यांची नावं पण या नक्षत्रांवरूनच आलीत. पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्राच्या आसपास असतो तो महिना. चित्रा तर चैत्र, विशाखा तर वैशाख, श्रवण तर श्रावण, मघा तर माघ. कार्तिकी पौर्णिमेला रात्री वर बघा, चंद्राच्या जवळपास तो कृत्तिकांचा छोटासा पुंजका असेल, चंद्राच्या उजेडात जरा शोधायला लागतो, पण असतो.

आता मोठा प्रश्न, गणपती दर वर्षी वेगळ्या तारखेला का येतात. चांद्र महिने बारा केले की ३५४ दिवस होतात, सूर्याचं वर्ष ३६५ आणि वर सहा तास. ११ दिवस कमी पडतात. म्हणून २०२४ चे गणपती ७ सप्टेंबरला आले आणि २०२५ चे २७ ऑगस्टला, बरोबर ११ दिवस आधी. असंच चालू ठेवलं तर काही वर्षांनी दिवाळी भर पावसाळ्यात आणि होळी थंडीत येईल. हिजरी कॅलेंडरमध्ये हा फरक भरून काढत नाहीत, म्हणून रमजान सगळ्या ऋतूंमधून फिरतो. आपण अधिक महिना घालतो. २०२६ ला १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, आणि गणपती एकदम १४ सप्टेंबरवर.

पण अधिक महिना कधी घालायचा हे कोण ठरवतं? कोणी बसून ठरवत नाही, इथे पण आकाशच ठरवतं, आणि पंचांगातला हा भाग मला सगळ्यात सुंदर वाटतो. सूर्य दर महिन्याला एक रास बदलतो, ती संक्रांत, वर्षात बारा संक्रांती, लोकांना त्यातली एक मकरसंक्रांतच माहिती असते. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंतच्या महिन्यात सहसा एक संक्रांत येतेच. पण चांद्र महिना साडेएकोणतीस दिवसांचा आणि सूर्याला रास ओलांडायला सरासरी साडेतीस दिवस, म्हणून कधीतरी, साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी, एक महिना असा येतो की त्यात संक्रांतच नाही. तो अधिक. तोच धोंड्याचा महिना, जावयाला अनारसे देतात तो. आणि फारच क्वचित उलटं होतं, एकाच महिन्यात दोन संक्रांती, तेव्हा एक महिना क्षय होतो, १९८२-८३ मध्ये झाला होता.

याच हिशोबाने १९ वर्षांत ७ अधिक महिने येतात, आणि १९ सूर्यवर्षं आणि २३५ चांद्र महिने यात फक्त काही तासांचा फरक राहतो. म्हणून दर १९ वर्षांनी तारीख आणि तिथी परत जवळजवळ जुळतात. १९८६ चं लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबर, २००५ चं १ नोव्हेंबर, २०२४ चं आपल्याकडे १ नोव्हेंबर. तुमच्या १९ व्या किंवा ३८ व्या वाढदिवसाला तुमची जन्मतिथी बघा, त्याच दिवशी किंवा एखाद दिवस पुढेमागे सापडेल.

आता तो वाद. सूर्याने रास बदलली हे म्हणायला राशी सुरू कुठून होतात ते आधी ठरायला हवं, आकाशात काही दगड रोवलेला नाही. कोकणात नांदगावला गणेश दैवज्ञ होऊन गेले, त्यांनी शके १४४२ म्हणजे १५२० मध्ये ग्रहलाघव लिहिला, भूमितीतल्या अवघड ज्या-कोटिज्या (म्हणजे साइन-कोसाइन) टाळून ग्रहगणित सोपं करून दिलं, आणि पुढची तीन-साडेतीनशे वर्षं महाराष्ट्रातली पंचांगं मुख्यतः त्यावर चालली. पण गणित कितीही चांगलं असलं तरी शतकं गेली की थोडी थोडी चूक साठत जाते, ग्रहणं सांगितलेल्या वेळेला दिसेनात. तेव्हा एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी पाश्चात्त्य वेधांवरची अचूक गणितं घेऊन नवीन पंचांग सुरू केलं, जे पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखलं गेलं. हे केरोपंत टिळकांचे डेक्कन कॉलेजातले गणिताचे गुरू, आणि पुढे टिळकांनीही हाच आग्रह धरला की पंचांगात जे लिहिलंय ते आकाशात दिसलं पाहिजे. याला दृक् पद्धत म्हणतात, आणि आज आपल्याकडे घराघरात असलेलं सोलापूरचं दाते पंचांग किंवा १९७३ पासून भिंतीवर टांगलेलं कालनिर्णय, दोन्हीकडे दृक् गणितच असतं.

पण सुरुवातीचा बिंदू कुठला यावर एकमत झालं नाही. टिळक पंचांग रेवती नक्षत्रातल्या एका ताऱ्यापासून मोजतं, बाकीची बहुतेक पंचांगं चित्रा ताऱ्याच्या समोरून. फरक चार अंशांचा, म्हणजे टिळक पंचांगात प्रत्येक संक्रांत साधारण चार दिवस आधी येते. चार दिवसांनी काय होतं ते २०२३ मध्ये बघा. कर्क संक्रांत १७ जुलैला झाली, अमावास्या त्याच रात्री बाराच्या सुमाराला संपली आणि नवा महिना सुरू झाला. पुढची अमावास्या १६ ऑगस्टला, आणि सिंह संक्रांत १७ ऑगस्टला. म्हणजे मधल्या महिन्यात एकही संक्रांत नाही, हुकली ती एका दिवसाने, म्हणून तो अधिक श्रावण. आता टिळक पंचांगात सिंह संक्रांत १३ ऑगस्टच्या आसपास, म्हणजे त्याच महिन्याच्या आत, मग तो महिना अधिक राहिलाच नाही, सरळ श्रावण झाला. परिणाम असा की टिळक पंचांग मानणाऱ्या घरांमध्ये गणपती २० ऑगस्टला बसले आणि बाकी महाराष्ट्रात १९ सप्टेंबरला, तब्बल एक महिन्याचा फरक. त्या वर्षी अशा घरांना शेजारीपाजारी "तुमचे गणपती लवकर कसे" म्हणून विचारत होते. तर त्यांनी घाई केली नव्हती, त्यांच्या आकाशाचा शून्य बिंदू वेगळा होता.

उत्तरेत आणि आपल्यात अजून एक फरक आहे पण तो नावापुरता. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. म्हणून त्यांचा सावन आपल्या श्रावणाआधी पंधरा दिवस सुरू होतो, आणि गोकुळाष्टमी आपल्याकडे श्रावण वद्य तर त्यांच्याकडे भाद्रपद. दिवस तोच, लेबल वेगळं.

शेतकऱ्याचं पंचांग अजून वेगळं, ते चंद्राचं नाही, सूर्याचं. "मृग लागला" म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात गेला, दर वर्षी ७-८ जूनलाच, मग आर्द्रा २१-२२ जून, पुढे पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, सप्टेंबरच्या शेवटी हत्तीचा. चंद्राच्या तिथीवर पेरणी ठेवली असती तर ती पण गणपतीसारखी मागेपुढे झाली असती, म्हणून पावसाची नक्षत्रं सूर्याला बांधली, आणि हे ज्याने कोणी केलं त्याला मातीची जाण होती.

मात्र एक गोष्ट मान्य करायला हवी, ही सूर्यनक्षत्रं आणि संक्रांती पण ऋतूंच्या तुलनेत हळूहळू पुढे सरकतायत. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे साधारण ७२ वर्षांत एक दिवसाचा फरक पडतो. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी मकरसंक्रांत होती. आज ती १४-१५ जानेवारीला येते. खरं उत्तरायण, म्हणजे दिवस मोठा व्हायला लागतो ते, २१-२२ डिसेंबरलाच होऊन जातं. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिला देशात तीसेक वेगवेगळी कॅलेंडरं चालू दिसली, आणि २२ मार्च १९५७ म्हणजे १ चैत्र १८७९ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका आली, ऋतूंशी पक्की बांधलेली. सरकारी राजपत्रावर आणि आकाशवाणीवर ती तारीख असते, पण घरात कोणी वापरत नाही. मला याचं वाईट वाटतं. सण जुन्या तिथीने करा, पण ऋतूशी जुळणारी आपली स्वतःची तारीख हाताशी आहे ती निदान मुलांना माहिती तरी असावी.

आणि पंचांग-कॅलेंडरवाल्यांना एक विनंती, जेव्हा दोन दिवसांचा घोळ असतो तेव्हा त्या चौकटीत नुसतं "लक्ष्मीपूजन" छापू नका, खाली दोन ओळी द्या, अमावास्या कधीपासून कधीपर्यंत, सूर्यास्त किती वाजता, म्हणून हा दिवस. कारण मधल्या काळात फक्त निकाल फॉरवर्ड होत राहतो आणि कारण कोणापर्यंत पोचतच नाही.

आईला मी हे सगळं वहीवर दोन गोल काढून सांगितलं होतं, आजोबा आणि नातू. तिला पटलं की नाही ते तेव्हा कळलं नाही. पण पुढच्या संकष्टीला नागपूरच्या मावशीचा फोन आला, "अगं आमच्याकडे उगवला चंद्र, आम्ही बसतो जेवायला." मी गच्चीवर जाऊन बघितलं, आमच्याकडे अजून काहीच नव्हतं. आईने मोदकांवर झाकण ठेवलं आणि म्हणाली, "तिच्याकडे आधीच दिसणार, ती पूर्वेला आहे. आपल्याकडे अजून वीस-पंचवीस मिनिटं."